झाड पडल्याची बातमी

झाड पडलं, असं शर्वरीने आईला सांगितलं तेव्हा झाड आवळ्यांनी लगडलेलं होतं, आणि ती त्याच्याच खाली उभी राहून फोनवर बोलत होती.

"परतीच्या पावसात गेलं गं," ती म्हणाली. "मुळासकट."

"अरे देवा," आई म्हणाली. "कोणाला लागलं तर नाही ना?"

"नाही."

"मग ठीक. आणि तू सांगितलं पण नाहीस?"

"राहून गेलं, आई. इथे कामं काय कमी असतात का?"

आई म्हणाली, "बरं बरं, तू कर काम. मी नलूला आणि कुसुमला सांगते." आणि फोन ठेवला. शर्वरीने मान वर करून पाहिलं. फांद्या इतक्या वाकल्या होत्या की हात वर केला की आवळा हाताला लागावा.

भोपाळबाहेर, नीलबडच्या पुढे, रातीबडच्या रस्त्याला ही पिवळी कोठी आहे. नवाबी अमलात कुणा बक्षीसाहेबांनी शेती करायला म्हणून ती बांधली. घर, घरामागे धान्याचं कोठार, बाजूला गुरांचा गोठा आणि पुढे बाग. वारस पांगले, कोठी बंद पडली, आणि बरीच वर्षं 'राहत चाचा' नावाचा एक म्हातारा रखवालदार तेवढा तिथे राहिला. त्या काळात नेहरू नगरातल्या मराठी बायका दर कार्तिकात तिथे आवळीभोजनाला जायच्या. कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास संपला, वांगी पुन्हा ताटात आली, की पौर्णिमेच्या आत एक दिवस ठरायचा. आवळ्याची पूजा करायची, बुंध्याला सूत गुंडाळायचं आणि त्याच्याच सावलीत पंगत मांडायची. जेवताना आवळ्याचं पान उडून भातावर पडलं तर ते चांगलं समजायचं. राहत चाचा फाटक उघडून द्यायचे, विहिरीचं पाणी शेंदून द्यायचे आणि स्वतःचं ताट घेऊन पायरीवर बसायचे. वांग्याचं भरीत त्यांना फार आवडे. शर्वरी शाळेत असताना आईचं बोट धरून दरवर्षी तिथे गेली होती.

मग अर्जुन भदौरियांनी कोठी विकत घेतली. राहत चाचा मुलाकडे बरेलीला गेले. भिंती जुन्या पद्धतीने चुन्यात दुरुस्त झाल्या, कोठारात वाइनच्या स्टीलच्या टाक्या आल्या, गोठ्याचं रेस्तराँ झालं आणि बागेत लग्नं लागू लागली. रतलामची द्राक्षं आणि इकडची जांभळं यांची वाइन तिथे बनते. काम चालू होतं तितकी वर्षं बायकांनी कुसुमकाकूंच्या अंगणात, कुंडीत खोचलेल्या आवळ्याच्या फांदीपुढे बसून वेळ भागवली. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर शर्वरीला कोठीत इव्हेंट मॅनेजरची नोकरी लागली, तेव्हा आईने पेढे वाटताना प्रत्येक घरी एकच वाक्य सांगितलं होतं: "आपली आवळी परत मिळाली बघा."

आईचं नाव सुलभा देशकर. मंत्रालयात, म्हणजे वल्लभ भवनात, कारकुनी करून ती निवृत्त झाली. तिचे वडील मध्य प्रदेश राज्य नवीन झालं तेव्हा नागपूरहून कचेरीबरोबर भोपाळला आले होते. ती मोठ्या आवाजात बोलते, अनोळखी माणसाला पहिल्या पाच मिनिटांत गाव विचारते आणि कुठेही गेली तरी पिशवीत घरचं पाणी नेते. तिच्या दोन्ही मैत्रिणी, नलिनीकाकू आणि कुसुमकाकू, तशाच. त्यांना कोठीत यायला कुणी मनाई केली नव्हती, हे इथेच सांगायला हवं. शर्वरीने भदौरियांना विचारलंच नव्हतं. पण बायकांनी ठरवलेल्या दिवशीच गुडगावच्या मेहरा मॅडम येणार होत्या. मोठमोठ्या लग्नांचं आयोजन करणाऱ्या या बाई एका हिवाळ्याची लग्नं कोठीला द्यायच्या विचारात होत्या, आणि ते जमलं तर शर्वरीचं बस्तान बसणार होतं. मेहरा मॅडमसाठी टेबलं मांडायची ती आवळ्याखाली, आवळ्याच्या पहिल्यावहिल्या वाइनची चव द्यायची तीही तिथेच, हे भदौरियांनी ठरवलं होतं. शर्वरीच्या डोळ्यांपुढे ती टेबलं आली आणि त्यांच्या शेजारी सतरंजी, स्टोव्ह, साडीवर स्वेटर आणि चपलेत मोजे घातलेल्या बायका, आणि "तुम्हाला पगार किती देतात हो?" असं वेटरला विचारणाऱ्या कुसुमकाकू. दिवस बदला, असं आईला सांगता आलं असतं. ते तिला नंतर सुचलं. आधी सुचलं ते झाड पाडणं.

त्या संध्याकाळी आई फोनवर नलिनीकाकूंना सांगत होती, ते तिने स्वयंपाकघरातून ऐकलं.

"गिरलं गं झाड. मुळापासून. हो, शर्वरीच म्हणून राहिली. पोरीला किती वाईट वाटलं असेल, तिनं तर सांगितलं पण नाही आपल्याला."

शर्वरीने कुकरखालचा गॅस उगाचच मोठा केला.

ठरलेला दिवस उजाडला. आई सकाळी लवकर उठून वांगी भाजत होती. कुसुमकाकूंकडे जमणार असतील, असं शर्वरीला वाटलं. तिने विचारलं नाही.

दुपारी कोठीत सगळं तिच्या मनासारखं चाललं होतं. ऊन कोवळं होतं, टेबलांवर माहेश्वरी कापड होतं आणि मेहरा मॅडम पातळ सोनेरी वाइनचा पेला उन्हात धरून "इंटरेस्टिंग" म्हणत होत्या. भदौरिया खुशीत होते. एवढ्यात फाटकावरच्या गार्डचा फोन आला.

"मैडम, आपकी मम्मी आई हैं. दो आंटी और हैं साथ में. पौधा लाई हैं. अंदर भेज दिया है."

शर्वरी फोन कानाला लावूनच वळली. खडीच्या वाटेवरून तिघी येत होत्या. पुढे आई, तिच्या दोन्ही हातांत काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतलं गुडघाभर उंचीचं रोप. मागे कुसुमकाकू डब्यांची पिशवी घेऊन, आणि त्यांच्यामागे जरा लंगडत नलिनीकाकू, त्यांच्या हातात चक्क एक खुरपं.

"बिट्टन मार्केटात मिळालं!" आई लांबूनच म्हणाली. "म्हटलं, जागा रिकामी आहे तर—"

आणि तिला झाड दिसलं.

ती जागच्या जागी उभी राहिली. तिने झाडाकडे पाहिलं, खालच्या टेबलांकडे पाहिलं, मग शर्वरीकडे. त्या नजरेत राग असता तर शर्वरीने तो झेलला असता. आई फक्त हिशेब जुळत नसल्यासारखी बघत होती. मग तो जुळला, आणि तिने नजर काढून घेतली.

"अगं बाई, हे तर उभं आहे!" कुसुमकाकू म्हणाल्या.

"हे नाही गं," आई लगेच म्हणाली. "आपलं ते विहिरीकडचं होतं. हे तेव्हा लहान होतं."

"विहिरीकडे कुठे—"

"विहिरीकडचंच कुसुम, तुझ्या लक्षात नाही."

नलिनीकाकू तोपर्यंत बुंध्याजवळ पोचल्या होत्या. तिथे डोक्याच्या उंचीवर तोडलेल्या फांदीचा एक खुंट आहे. त्यांचा हात पर्ससकट जुन्या सवयीने त्या खुंटाकडे गेला, अडकवायला. वाटेतच तो थांबला, आणि त्यांनी पर्स परत खांद्याला लावली.

"असेल बाई," त्या म्हणाल्या. "आता नजर पण कुठे धड राहिली आहे आपली."

शर्वरीला त्या क्षणी खडीत गाडून घ्यावंसं वाटलं. पण पाठीमागून भदौरियांचा आवाज आला.

"शर्वरी, कौन हैं ये लोग?"

मेरी मम्मी. दोन शब्द होते. मेहरा मॅडम बघत होत्या. कुसुमकाकूंच्या पिशवीतून भरिताचा वास येत होता.

"सर, नेहरू नगर की लेडीज हैं," शर्वरी म्हणाली. "पौधा डोनेट करने आई हैं."

आईने ते ऐकलं. तिने रोप एका हातात घेतलं, दुसऱ्या हाताने पदर सारखा केला आणि भदौरियांना म्हणाली, "नमस्ते जी. कार्तिक का महीना है ना, इसलिए."

भदौरिया माणूस वाईट नव्हता. त्यांनी महिन्याचं काय ते विचारलं. आईने सांगितलं, आणि तिचं सांगणं नेहमीसारखं मोठ्या आवाजातलं असल्यामुळे टेबलांवरच्या सगळ्यांनी ऐकलं. मेहरा मॅडमनी पेला खाली ठेवला.

"यहीं? इसी पेड के नीचे? हर साल?"

"ऐसे ही पेड के नीचे," आई म्हणाली.

"बट धिस इज गोल्ड, अर्जुन! तुम लोग हेरिटेज बोलते हो और ये मुझे दिखा ही नहीं रहे थे?" मेहरा मॅडमनी फोन काढला. "आंटीजी, थोडा करके दिखाएंगी? जैसे आप लोग करते हैं, वैसे ही."

भदौरियांनी शर्वरीकडे पाहिलं, म्हणजे व्यवस्था तिने करायची. या बायका दिसू नयेत म्हणून तिने झाड पाडलं होतं, आणि आता लोक खुर्च्या वळवून त्यांना बघायला बसत होते.

कुसुमकाकू आईच्या कानाशी लागल्या. त्यांचं कुजबुजणंही चार माणसांना ऐकू जातं. "सुलभा, मी नाही करणार बाई. बाटल्या आहेत तिथे. आणि आपण काय तमाशा आहोत का?"

"करूया गं," आई खालच्या आवाजात म्हणाली. "तिचा साहेब आहे तो."

"तिचा साहेब असेल, पण तिनं तर आपल्याला—"

"कुसुम." आई एवढंच म्हणाली. "कुंकू काढ."

तिघींनी पूजा केली. रोपासाठी आणलेलं हळदीकुंकू मोठ्या झाडाला वाहिलं, रोपासाठी आणलेली छोटीशी सुताची गुंडी मोठ्या बुंध्याला पुरेना म्हणून एकच वेढा घेतला आणि गाठ मारली. शर्वरी बाजूला उभी राहून हिंदीत आणि इंग्रजीत समजावत होती. कार्तिक, चातुर्मास, पंगत, पानाचं भातावर पडणं. ती चांगलं बोलत होती. आपण चांगलं बोलतो आहोत हे तिला कळत होतं, आणि त्यातला प्रत्येक शब्द समोर वाकून गाठ मारणाऱ्या बाईकडूनच आपण शिकलो, हेही. कुणीतरी फोटोत यावा म्हणून सोनेरी वाइनचा पेला बुंध्याशी, कुंकवाच्या अगदी शेजारी आणून ठेवला.

आईने पेल्याकडे पाहिलं. मग शर्वरीकडे वळून अगदी अदबीने म्हणाली, "मैडम, ये गिलास जरा उधर रख देंगी?"

शर्वरीने पेला उचलला. घाईत थोडी वाइन तिच्याच सँडलवर सांडली. आईने ते पाहिलं, आणि सवयीने तिचा हात पदराकडे गेला, पुसायला. तो तिने तिथेच आवरला.

भदौरियांनी रेस्तराँमधून तीन थाळ्या मागवल्या होत्या. आई म्हणाली, आज आमचा उपवास आहे. डबे तसेच बांधलेले राहिले. माळ्याने रोप घेतलं आणि उद्या फाटकाजवळ लावतो म्हणाला. तिघी वाटेने परत निघाल्या. कुसुमकाकूंनी फाटकापर्यंत एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आईने पाहिलं, पण तेव्हा मेहरा मॅडम शर्वरीशी बोलत होत्या, म्हणून शर्वरीला हात हलवता आला नाही. निदान तिने तरी स्वतःला असंच सांगितलं.

लग्नं मिळाली. भदौरियांनी सगळ्यांसमोर शर्वरीची पाठ थोपटली. माणसं गेल्यावर ती त्यांच्यापाशी गेली.

"सर, मैंने इन लोगों से झूठ बोला था," ती म्हणाली. "कि पेड गिर गया. ताकि आज न आएं."

ते हसायला लागले. "अरे, तो सही किया था! मैं होता तो मैं भी यही करता. मुझे क्या पता था इतना अच्छा हो जाएगा." मग म्हणाले, "अगले साल ढंग से करेंगे. टिकट रखेंगे. इन आंटियों का नंबर है ना तुम्हारे पास?"

"है, सर," शर्वरी म्हणाली.

सूर्य मावळायच्या सुमाराला ती स्कूटरवर निघाली. नेहरू नगरचं वळण आलं. ती वळली नाही. घरी जाऊन आईपुढे उभं राहणं तिला झेपणार नव्हतं. पण एक गोष्ट तिला करता येण्यासारखी होती. आईने आयुष्यात या मैत्रिणींशी खोटं बोललेलं तिला माहीत नव्हतं. कुणाचं लग्न का मोडलं, कुणाच्या मुलाला नोकरी का लागत नाही, सगळं त्या एकमेकींना उघड सांगत. आज आई खोटं बोलली होती, आणि तेही तिच्यासाठी. ते आईच्या नावावर राहू द्यायचं नाही. नलिनीकाकूंना खरं काय ते सांगायचं, की खोटं माझं आहे, आईचं नाही. गर्दीतून वाट काढत ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, अशोका गार्डनला पोचली.

नलिनीकाकू मुलाने घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहतात, रेल्वेच्या रुळांपासून दोन गल्ल्या सोडून. दार त्यांनीच उघडलं. त्यांना आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही.

"ये. चप्पल राहू दे आतच, इथे कुत्रा नेतो."

शर्वरी खुर्चीच्या कडेवर बसली. "काकू, मला तुम्हाला सांगायचंय. ते झाड—"

"चहा घेशील?"

"नको. काकू, ते झाड तेच—"

"शर्वरी," नलिनीकाकू म्हणाल्या. त्या तिच्यासमोर पलंगावर बसल्या आणि दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून वर घेतला. "फाटकातनं आत शिरलो ना, तेव्हाच कळलं मला. कुसुमलाही कळलं. अगं, किती वर्षं बसलो आम्ही त्या झाडाखाली! तुझी शी-शू काढलीय मी तिथे, विहिरीच्या मागे नेऊन."

"मग मला म्हणू द्या ना. चूक माझी आहे. आई उगाच—"

"तुझी आई म्हणाली, वेगळं झाड. म्हणाली ना?"

"हो, पण—"

"मग आमच्यासाठी ते वेगळं झाड. परतताना ऑटोत कुसुम तोंड उघडत होती, मी तिच्या मांडीला चिमटा काढला. तुझी आई गप्प बसून होती. तिनं आमच्याकडे मान वर करून पाहिलं नाही गं सगळ्या रस्ताभर." काकूंनी पायावरून हात फिरवला. "आता तू मला येऊन सांगणार की तेच झाड. म्हणजे मला ते माहीत झालं. मग उद्या तिला मला भेटायचं तर हे माहीत असलेल्या बाईला भेटायचं. तुझं मन मोकळं होईल, आणि तिची मान कायमची खाली जाईल. असं करायला आलीस का तू?"

शर्वरी हेच करायला आली होती, फक्त तिला ते वेगळं दिसलं होतं.

"रागावले नाही मी," काकू म्हणाल्या. "म्हणजे रागावलेच आहे, पण ते माझं मी बघीन. तू सांगितलं नाहीस, मी ऐकलं नाही."

गाडी गेली तशी खिडकीची काच थरथरली. ती थांबते तोवर टेबलावरचा काकूंचा फोन वाजू लागला होता. पडद्यावर सुलभा असं नाव होतं. काकूंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या फोन नेहमी स्पीकरवरच घेतात. त्यांनी शर्वरीकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि फोन घेतला.

"बोल गं."

"पोचलीस ना नीट? पाय कसा आहे?"

"आहे तसाच."

"कोणी आलंय का? जेवत तर नाहीस ना?"

"नाही गं, कोणी नाही. एकटीच आहे."

"शर्वरी आली नाही अजून." आईचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "काम पडलं असेल. आज किती मोठी माणसं होती ना तिथे."

"हो ना."

"बोलली पण छान पोरगी. नाही? इंग्लिशमध्ये सगळं. आपला चातुर्मास तिनं त्या बाईला कसा समजावून सांगितला, मला तर जमलं नसतं."

"छान बोलली."

"नलू, तुला वाईट तर नाही ना वाटलं? तिनं आपल्याला ओळख नाही दाखवली म्हणून? नोकरीत असतं तसं. साहेबासमोर घरचे लोक म्हटलं की मग बरं दिसत नाही."

"असतं तसं," नलिनीकाकू म्हणाल्या. त्या खिडकीकडे बघत होत्या.

"आणि ते झाड..." आई थांबली.

"वेगळंच होतं ते," नलिनीकाकूंनी वाक्य पूर्ण केलं. "मी नंतर विचार केला ना. आपलं विहिरीकडेच होतं. मोठं होतं याच्यापेक्षा."

"हो ना?" आई म्हणाली. तिच्या आवाजात एकदम जीव आला. "मोठंच होतं. मी म्हटलं ना तुम्हाला. कुसुम उगाच हुज्जत घालत बसते."

"तिचं असंच आहे."

आई सुटल्यासारखी बोलू लागली. भरीत तसंच राहिलं, उद्या तुझ्याकडे पाठवते, शर्वरीच्याच हाती पाठवते म्हणाली. शर्वरीच्या मुठीत स्कूटरची किल्ली होती. वाजू नये म्हणून तिने ती घट्ट दाबून धरली आणि आईचं बोलणं संपेपर्यंत श्वासही बेताने घेत बसून राहिली.